कार्ड आहे, तरी पैसे भरावे लागले? या चुका टाळा

ठाण्यात लोकमान्यनगरला मी बचत गटाचं काम करते. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दारात उभं राहतं. पिशवीत रेशनकार्ड, आधार, हॉस्पिटलचं बिल. "ताई, आमचं कार्ड आहे, तरी पैसे भरायला लावले." पिशवी उघडली की चूक बहुतेक वेळा तीच निघते, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आधी मुद्द्याचं. आयुष्मान भारत ही सरकारी आरोग्य विमा योजना २०१८ साली सुरू झाली, आपल्याकडे ती महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेबरोबर एकत्र चालते. विम्याचा हप्ता तुम्ही भरायचा नाही, तो सरकार भरतं. जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड असलं तरी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. हे ५ लाख अख्ख्या घराचे मिळून, माणशी नव्हेत. योजनेचं आयुष्मान कार्ड काढायलाही पैसे लागत नाहीत. तरी नाक्यावर कोणी पाचशे घेतो, कोणी "अर्जंट"चे हजार. लोक देतात, कारण रांगेत उभं राहायचं नसतं. अशा घाईत काढलेल्या कार्डावर मी नवऱ्याच्या जागी दिराचा फोटो पाहिला आहे. ते दुरुस्त करायला तीन खेपा पडल्या.

आता ती चूक, जिच्यामुळे मला झोप लागली नव्हती. आमच्या चाळीतले एक काका वागळे इस्टेटमध्ये माल चढवण्याचं काम करतात. रात्री दीडला छातीत कळ आली. मुलाने रिक्षा केली आणि दिवे दिसले त्या पहिल्या हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर पन्नास हजार डिपॉझिट सांगितलं. काकांच्या बायकोने, मावशींनी, गळ्यातलं गहाण टाकून सकाळी पैसे भरले. मी पोहोचले तेव्हा कळलं की ते हॉस्पिटल योजनेत नाहीच. तिथून योजनेतल्या हॉस्पिटलात हलवलं, तर तिथे दुसरी अडचण. गावाकडून आलेल्या रेशनकार्डावर नाव 'ज्ञानोबा', आधारवर 'ज्ञानेश्वर'. जन्मसालातही चार वर्षांचा फरक. संगणकावर नाव जुळेना. आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस, भला होता, त्याने फोनाफोनी केली, पण मंजुरी येईपर्यंत दोन दिवस गेले. अँजिओप्लास्टी योजनेतून झाली. पहिल्या हॉस्पिटलात भरलेल्या पैशातला एक रुपयाही परत आला नाही. योजना कॅशलेस आहे. आधी भरा, मग मागा, असं इथे चालत नाही. ती माळ सोडवायला मावशींना दीड वर्ष लागलं.

ही कागदांतली चूक त्या रात्री झाली नव्हती. ती वर्षानुवर्षं कपाटात पडून होती. म्हणून माझी सवय सांगते. दिवाळीआधी घरातल्या प्रत्येकाचं आधार आणि रेशनकार्ड जमिनीवर शेजारी शेजारी मांडायचं आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचायचं. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव चढलंय का? बाळाचं? मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केलंय का? रेशनकार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर पहिल्या पानावर पेनने लिहून ठेवायचा. चूक दिसली की दुसऱ्याच दिवशी शिधावाटप कार्यालय. "आजारी पडलो की बघू" म्हणणाऱ्यांवर मी रागावते, आणि रागावणारच.

दुसरी सवय: घरापासून जवळची योजनेतली दोन हॉस्पिटलं आधीच माहीत करून ठेवा. यादी बदलत असते, म्हणून दरवर्षी विचारा. आत गेल्यावर पैशांच्या काउंटरआधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा. तातडीची केस असेल तर फोनवरूनही मंजुरी घेता येते, हे त्याला आठवण करून द्या. आयुष्मान कार्ड अजून निघालं नसेल तरी माघारी फिरू नका, रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवा.

योजना भरती होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. सर्दीतापाच्या ओपीडीला कार्ड घेऊन जाऊ नका. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी हॉस्पिटलांसाठी राखीव आहेत, तिथे खासगीवाल्याशी भांडून उपयोग नाही.

बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात म्हणून निर्धास्त बसलेले पुष्कळ भेटतात. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी. ४३६ रुपयेवाली जीवनज्योती, माणूस गेल्यावर वारसाला पैसे देणारी. दोन्ही ठेवा, पण यातून हॉस्पिटलचं बिल भरलं जात नाही. तुर्भ्याच्या एका ताईंनी मला पासबुकातली वीस रुपयांची नोंद दाखवून "आमचा दवाखाना यात आहे ना?" असं विचारलं होतं. तिथल्या तिथे त्यांचं कार्ड काढायला नेलं.

रबाळे, महापे, वागळे इस्टेटच्या कारखान्यांत २१ हजारांपर्यंत पगार असेल तर पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, पाऊण टक्का कपात बघा. कापत असतील आणि ठेकेदाराने विम्याचा नंबर दिला नसेल, तर आजच मागा. तो तुमचा हक्क आहे.

घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांचं वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड, वेगळं काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतं, उत्पन्न बघत नाहीत, आधारवरचं वय बघतात. आधारवर वय कमी लागलेले आजोबा-आजी आपल्याकडे घरोघरी आहेत. मागच्या महिन्यात एका आजींचा जन्मदाखला गावाहून मागवला, त्यावरून आधार दुरुस्त झालं आणि मग कार्ड निघालं.

योजनेतल्या हॉस्पिटलाने पैसे मागितले तर पावती घ्या आणि तिथूनच १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन लावा. हे दोन्ही नंबर आमच्या चाळीत प्रत्येक घरी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेले आहेत. काकांच्या घरी ते नातीने लाल स्केचपेनने, मोठ्या आकड्यांत लिहिलेत.