सातारच्या डोंगरांकडे निघण्यापूर्वी

साताऱ्याभोवतीच्या भटकंतीत सर्वांत आधी ठरवायचा तो महिना. पाठपिशवीत काय भरायचे हे त्यानंतर आपोआप ठरत जाते. जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडचा माण तालुका भर पावसाळ्यातही टँकरची वाट पाहत असतो. सातारा शहर या दोन टोकांच्या मध्ये असल्यामुळे शहरात स्वच्छ ऊन पडलेले असताना वीस किलोमीटरवर दाट धुके आणि पाऊस असणे ही येथील नेहमीची गोष्ट आहे. म्हणून शहरातल्या पोवई नाक्यावरचे आभाळ पाहून कासच्या पठारावर काय घालायचे हे ठरवू नये. जुलै-ऑगस्ट हे धबधब्यांचे महिने, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा प्रारंभ फुलांचा, आणि दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ वासोट्याचा व इतर किल्ल्यांचा. ठोसेघरचा धबधबा भरात असतो तेव्हा वासोटा बंद असतो आणि वासोटा खुला होतो तेव्हा कासवरची बहुतेक फुले संपलेली असतात. एका फेरीत सगळे उरकण्याचा बेत त्यामुळे कागदावरच राहतो.

महिन्यानंतर दिशा ठरवावी, आणि एका दिवशी एकच दिशा घ्यावी. यवतेश्वर घाट चढून जाणारा रस्ता कास पठारावरून पुढे बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयाशी उतरतो. दुसरा रस्ता सज्जनगडाखालून ठोसेघर आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे जातो. नकाशावर हे दोन्ही रस्ते जवळजवळ दिसतात, परंतु घाट, धुके आणि सुट्टीच्या दिवशीची वाहनांची रांग हे नकाशात दिसत नाही. सकाळी कास, दुपारी ठोसेघर, संध्याकाळी सज्जनगड असा बेत करणाऱ्यांचा निम्मा दिवस गाडीच्या काचेतून डोंगर पाहण्यात जातो.

कासला जायचे असल्यास हंगामातील प्रवेशाचे आरक्षण आधी ऑनलाइन करून त्याची प्रत मोबाइलमध्ये साठवून ठेवावी, कारण पठारावर नेटवर्क मिळेलच असे नाही. दररोज येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असल्याने शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. रजा मिळण्यासारखी असेल तर आठवड्याच्या मधला वार निवडावा. पहाटे धुक्यात पोहोचण्याची घाई नको, कारण फुलांचे रंग उठून दिसायला थोडे ऊन लागते. पठारावरच्या वाऱ्यात छत्री उलटते आणि शेजाऱ्याच्या डोळ्याला धोका होतो, म्हणून टोपी असलेला रेनकोटच घ्यावा. कॅमेरा आणि फोन यांच्यासाठी जाड प्लास्टिकची पिशवी, एक कोरडे फडके आणि पुन्हा भरता येईल अशी पाण्याची बाटली एवढे पुरे. यादीत सहसा न सुचणारी, पण मी आग्रहाने सांगेन अशी वस्तू म्हणजे साधे भिंग.

भिंगाची गरज का पडते, हे पठाराच्या घडणीवरून कळते. कास हा जांभ्या खडकाचा सपाट माथा असून त्यावर मातीचा अगदी पातळ थर आहे. पावसाळ्यात हा थर पाण्याने तुडुंब भरतो आणि पाऊस सरताच कोरडा पडतो, त्यामुळे येथील वनस्पतींना उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे काही आठवड्यांत आटोपावे लागते. माती निकस असल्याने सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती बारीक कीटक पकडून आपले पोषण पुरे करतात, आणि त्यांचे हे काम उभ्याने दिसत नाही. पायवाटेच्या कडेला बसून, हात मागे ठेवून, भिंगातून पाहावे लागते. जिल्ह्याचेच नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवला. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा मागच्या वर्षीचे छायाचित्र पाहून तोच निळा-जांभळा पट्टा यंदाही दिसेल अशी अपेक्षा ठेवून येऊ नये. गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी मात्र बहुधा निराश करत नाहीत. फुलांत लोळून छायाचित्र काढण्याची हौस असणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की दाबली गेलेली ती बोटभर माती पुन्हा मोकळी व्हायला फार काळ लागतो. ठरवून दिलेली वाट सोडायचीच नाही, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवावे. पुढे लागणाऱ्या कास तलावाचे पाणी सातारा शहरात प्यायले जाते, त्यामुळे तेथे पोहणे, गाडी धुणे किंवा खरकटे टाकणे म्हणजे यजमानाच्या घागरीत हात बुडवणे होय.

ठोसेघर आणि सज्जनगड या दिशेची तयारी त्या मानाने सोपी आहे. ठोसेघरला धबधबा दरीच्या समोरून, कठडा असलेल्या जागेवरून पाहायचा असतो. कठड्याच्या बाहेर किंवा खाली प्रवाहाकडे उतरण्याचा बेतच नसावा, आणि पायांत चांगली पकड असलेले बूट असावेत. अतिवृष्टीचा इशारा असताना प्रशासन काही वेळा धबधब्यांवर जाण्यास मनाई करते, म्हणून निघण्याच्या सकाळी हवामान खात्याचा इशारा आणि स्थानिक बातम्या पाहाव्यात. सज्जनगडावर समर्थ रामदासांची समाधी आहे. समर्थांनी १६८२ मध्ये येथेच देह ठेवला. वाहनतळापासून पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी काठी आणि भरपूर वेळ हाताशी ठेवावा. अंगभर कपडे असावेत. मुक्काम करायचा असल्यास भक्तनिवासाची आधी चौकशी करावी, आणि माघ वद्य नवमीच्या, म्हणजे दासनवमीच्या, सुमारास गडावर मोठी गर्दी असते हे ध्यानात घ्यावे.

खरी तयारी लागते ती वासोट्याला. हा किल्ला कोयना अभयारण्यात आहे. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला, आणि २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात झाला. म्हणून येथे पाऊल टाकण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र आणि त्याची एक छायाप्रत, गटातील सर्वांची नावे-वये लिहिलेला कागद आणि पुरेशी रोख रक्कम एकाच पाकिटात ठेवून ते पाकीट गटातल्या सर्वांत नीटनेटक्या माणसाकडे द्यावे. बोटीचे भाडे बहुधा संपूर्ण बोटीचे असते, त्यामुळे दोघे-तिघेच असाल तर बामणोलीत दुसऱ्या छोट्या गटाशी जुळवून घेण्याची तयारी ठेवावी. शुल्क आणि नियम बदलत असतात. आदल्या आठवड्यात फोनवर खात्री करून घेणे बरे.

वासोट्याचा दिवस मागून पुढे मोजावा. अंधार पडण्यापूर्वी बोट बामणोलीला परत यायला हवी. पाण्यावरचा प्रवास एका बाजूने तास-दीड तासाचा, पायथ्याच्या मेट इंदवलीपासून चढण दोन-अडीच तासांची, उतरण त्याहून थोडी कमी, आणि माथ्यावर जुना वासोटा व बाबूकडा पाहायला निदान तासभर. ही बेरीज केली की सकाळची पहिली बोट गाठणे का आवश्यक आहे, हे समजते. त्यासाठी आदल्या रात्री बामणोलीच्या परिसरात मुक्काम करावा किंवा साताऱ्यातून पहाटे अंधारातच निघावे. अभयारण्यात रात्री राहता येत नाही, तेव्हा तंबूचे ओझे घरीच ठेवावे. नागेश्वराची गुहाही त्याच दिवशी करण्याचा मोह चांगल्या दमाच्या गटालाच परवडतो. बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि ते अंगात घालावे. पुष्कळ जण ते उशाला घेतात.

पिशवीत माणशी तीन लिटर पाणी असावे, कारण पावसाळ्यानंतर ओढे एकेक करून आटत जातात. भाकरी-ठेचा, दशम्या, गूळ-शेंगदाणे, संत्री असे वेष्टन नसलेले खाणे न्यावे. पायथ्याशी वनकर्मचारी पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या वस्तू मोजून नोंदवतात आणि परतताना तितक्याच परत आल्या का ते पाहतात. कपडे पूर्ण बाह्यांचे आणि मातकट रंगाचे असावेत. अत्तर, सुगंधी फवारे आणि धूम्रपान पूर्णपणे टाळावे, कारण कड्यांवर आग्या मोहोळ असते आणि गंध, धूर व आरडाओरड या तिन्हींनी ते उठू शकते. पावसाळा सरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दाट झाडीत जळवा असतात; मोजे विजारीवर ओढून घ्यावेत आणि मिठाची पुरचुंडी वरच्या खिशात ठेवावी. पालापाचोळ्यात फुरसे दिसत नाही, म्हणून काठी पुढे टेकत चालावे आणि दगडाच्या फटीत हात घालू नये. सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून माणसाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात हलवावे. येथून रुग्णालय म्हणजे उतरण, बोट आणि घाटरस्ता एवढे अंतर आहे, याचा विचार चढायला सुरुवात करण्यापूर्वीच करायला हवा. ज्यांना दमा, हृदयविकार किंवा मधुमेह आहे त्यांनी नेहमीची औषधे दोन जागी विभागून, अर्धी स्वतःकडे आणि अर्धी सोबत्याकडे ठेवावीत.

एवढी दगदग नको असेल, किंवा पावसाने बेत मोडला असेल, तर शहरालगतचा अजिंक्यतारा आहेच. औरंगजेबाने १६९९ च्या अखेरीस या किल्ल्याला वेढा घातला आणि १७०० च्या एप्रिलमध्ये तो घेतला. पुढे १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला. सकाळी पायांत बूट आणि हातात पाण्याची बाटली एवढ्यावर अजिंक्यतारा होतो. वयस्कर मंडळी सोबत असतील तर पुणे रस्त्यावरून लिंब गावाकडे वळून बारा मोटेची विहीर पाहावी. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या त्या अष्टकोनी विहिरीला पोटातच छोटा महाल आहे. पायऱ्या ओलसर असतात, म्हणून गुळगुळीत तळाच्या चपला नकोत.

राहता राहिले वाहन. टाकी साताऱ्यातच पूर्ण भरावी, कासच्या पुढे पंपाच्या भरवशावर राहू नये. धुक्यातले दिवे, वायपर आणि ब्रेक आदल्या दिवशी तपासून घ्यावेत आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. डिकीत प्रत्येकाचा एक कोरडा जोड, टॉवेल, जुनी वर्तमानपत्रे आणि कचऱ्यासाठी रिकामे पोते असावे. निघताना जेथे उतरला असाल तेथे एका कागदावर गटातील माणसांची संख्या, वाहनाचा क्रमांक, जाण्याची दिशा आणि परतण्याची अपेक्षित वेळ लिहून द्यावी. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर ११२ वर कळवावे, हेही त्याच कागदावर खाली लिहावे.