सुतार शोधायचा तर आधी कान द्या

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी फिरायला येणारी पोरं विचारतात, "काकू, तुम्हाला सुतार पक्षी रोज कसा दिसतोय ओ?" रोज दिसत नाही, खरं ऐकू बहुतेक रोज येतो. म्हणून दुर्बीण गळ्यातच राहू द्या, आधी उभं राहून ऐका.

पहिली फसगत तांबट पक्ष्याची. वडाच्या शेंड्यावरून एका लयीत येणारं टुक् टुक् टुक् सुताराचं नव्हे. ते तांबट गळ्यातून काढतो. सुताराचे ठोके लाकडावरचे, तुटक: चार ठोके, थांबणं, पुन्हा दोन. माघ-फाल्गुनात वाळक्या फांदीवर सलग टर्रर्र वाजते, ती किड्यांसाठी नसते. जागा आपली आहे, एवढं सांगायला असते. सोनपाठी सुतार उडताना खिंकाळतो, खंड्याच ओरडला असं वाटतं. त्याचं उडणं लाटेसारखं, वर-खाली.

आवाज सापडला तरी झाडाकडे धावायचं नाही. चाहूल लागली की तो खोडामागे सरकतो. गेल्या माघात जांबोटीला दादाच्या बांधावर वाळक्या ऐनाच्या झाडाखाली ताज्या ढलप्या पडलेल्या दिसल्या. वीस पावलांवर काजूला टेकून उभी राहिले. बऱ्याच वेळानं खोडाच्या कडेनं आधी चोच आली, मग लाल डोकं. शेपटी तिसऱ्या पायासारखी खोडाला रेटलेली, दोन बोटं पुढं, दोन मागं. एक ठोका मारून मान तिरकी करायचा, मग फटीत जीभ घालायचा.

लाल डोक्यावरून जात ठरवू नका, ते बऱ्याच जणांना असतं. पाठ बघा. सोनेरी पाठ आणि शेपटीच्या वर काळं, तो सोनपाठी. तिथं लाल असेल तर बहुधा मोठा सोनपाठी. त्याला खानापूरकडची झाडी लागते. सोनपाठीच्या मादीचं कपाळ काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. लाल फक्त मागं. भीमगडाच्या बाजूच्या दाट रानात कावळ्याहून मोठा काळा सुतार दिसला, तर ती सकाळ तुम्ही विसरणार नाही. कोरड्या माळावरच्या बाभळीत बुलबुलाहून लहान, ठिपक्याठिपक्यांचा, पिवळसर डोक्याचा आणि पोटावर लाल डाग असलेला सापडेल, तो मराठा सुतार. त्याच्या शास्त्रीय नावातच 'महरट्टेन्सिस' आहे. सीमाभागातल्या माणसाला हे कळल्यावर किती बरं वाटतं!

मला सगळ्यात जीव लावणारा तांबूस सुतार. फांदीवर मुंग्यांचं काळपट गोल घरटं दिसलं की तिथं थांबाच. तो मुंग्या खातो, आणि त्यांच्याच नांदत्या घरट्यात पोखरून अंडी घालतो.

नवी ढोली दिसली तर खाली गर्दी करू नका, मोबाईलवर आवाज लावून त्याला बोलावू नका. जांबोटीचा तो वाळका ऐन दादा जळणासाठी काढणार होता. म्हटलं, एवढा राहू दे. राहिला आहे. चैत्रात त्याच्या ढोलीतून ठिपक्यांचं कपाळ बाहेर डोकावत होतं.