मुंबईत गाडी उभी राहते तेव्हा: उतरलेली बॅटरी आणि न उघडणारं दार

नोकरीसाठी मुंबईत येताना बरेचजण घरची गाडी सोबत आणतात. महिन्याभरात लक्षात येतं की ऑफिसला जायला लोकल नाहीतर मेट्रोच बरी. मग गाडी आठवडाभर सोसायटीत उभी राहते, आणि एखाद्या रविवारी सकाळी सगळे आवरून खाली येतात तर दाराचं हँडल ओढलं तरी काहीच होत नाही. मी सोलापूरहून घाटकोपरला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. नव्याने आलेल्या भाचे-पुतण्यांचे फोन ज्या अडचणींसाठी येतात, त्यांत घराच्या डिपॉझिटच्या खालोखाल हीच. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी हे का होतं ते समजून घ्या. बंद गाडीसुद्धा थोडी थोडी वीज खात असते. अलार्म, घड्याळ, किल्लीचा सिग्नल येतोय का हे ऐकत बसणारा रिसीव्हर, शिवाय वरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर. गावाकडे गाडी रोज फिरते, तेवढ्यात बॅटरी पुन्हा भरते. इथे घाटकोपरहून पवईला जायचं तरी निम्मा वेळ इंजिन नुसतं घुरघुरत उभं. त्या वेळी अल्टरनेटर कमी वीज बनवतो, आणि जुलैत एसी, वायपर, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर असं सगळं एकदम चालू असतं. उकाड्याने बॅटरीचं आयुष्य घटतं ते वेगळंच, आणि दमट खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो. एरवी बॅटरी तीन ते पाच वर्षं चालते, पण मुंबईत तिसरं वर्ष लागलं की तपासून घेत जा.

दार उघडत नसेल तर पहिला प्रश्न हा की बॅटरी कुठली गेली, गाडीची की किल्लीची? घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही आणि तो सरळ टोइंगवाल्याला फोन लावतो. किल्लीचं बटण दाबल्यावर तिच्यावरचा बारीक दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर बहुधा तिच्यातला सेल संपलाय. काचेतून आत डॅशबोर्डकडे बघा. बऱ्याच गाड्यांत चोरीविरोधी यंत्रणेचा लाल ठिपका लुकलुकत असतो. तो चालू असेल तर गाडीत जीव आहे, दोष किल्लीकडे. तोही विझलेला आणि दुसऱ्या किल्लीनेही काही होत नसेल, तर गाडीची बॅटरी उतरली. किल्ली मोबाइलसोबत एकाच खिशात असेल किंवा जवळ मोबाइल टॉवर असेल, तरी सिग्नल अडू शकतो. त्यामुळे किल्ली खिशातून काढून हँडलजवळ धरून बघायला विसरू नका.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. तुमच्या त्या बटणाच्या किल्लीच्या पोटात धातूची साधी किल्ली दडवलेली असते. कडेचा छोटा खटका सरकवला की ती बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराला कुलूपही असतं, फक्त पुष्कळ मॉडेलांत ते हँडलच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली लपलेलं असतं. टोपणाच्या खालच्या खाचेत किल्लीचं टोक घालून हलकेच उचकटलं की कुलूप दिसतं. हे आजच घरी करून बघा. कुलूप वर्षानुवर्षं वापरलेलं नसलं तर गंजून घट्ट होतं, म्हणून अधूनमधून फिरवत राहा. गाडीची बॅटरी जिवंत असताना साध्या किल्लीने दार उघडलं तर अलार्म वाजू शकतो. गोंधळून जाऊ नका, गाडी सुरू झाली की तो थांबतो.

किल्लीचाच सेल गेला असेल तर काम सोपं आहे. आत बसून ब्रेक किंवा क्लच दाबा आणि किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून तिनेच बटण दाबा. किल्लीत एक चिप असते, तिला स्वतःच्या सेलची गरज लागत नाही. अगदी जवळ आली की गाडीच तिला वीज पुरवून ओळखते. काही गाड्यांत किल्ली ठेवायची जागा कपहोल्डरमध्ये किंवा कन्सोलच्या खणात असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये बघून फोनमध्ये फोटो काढून ठेवा. सेल बहुतेक किल्ल्यांत सीआर २०३२ असतो, काहींत सीआर २०२५ किंवा सीआर १६३२. जुना सेल काढून त्यावरचा नंबर वाचूनच नवा घ्या. लॅमिंग्टन रोडला चांगल्या कंपनीचा मिळतो, घड्याळवाल्याकडेही मिळतो. घरात लहान मूल असेल तर जुना सेल उघड्यावर टाकू नका. तो गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं असतं.

गाडीची बॅटरी उतरली असेल तर साध्या किल्लीने आत जाऊन बोनेटचा खटका ओढायचा. तो हाताने चालतो, त्याला वीज लागत नाही. डिकी मात्र पुष्कळ गाड्यांत विजेवर उघडते, तेव्हा जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायच्या जाड तारा, डिकीत ठेवून उपयोग नाही. त्या पुढच्या सीटखाली ठेवा.

मुंबईची स्वतःची अडचण पार्किंगची. गावाकडे बंद गाडीच्या नाकासमोर दुसरी गाडी आणून लावता येते. इथे बेसमेंटच्या दुसऱ्या तळावर दोन खांबांच्या मधे गाडी, पुढे भिंत, मागे शेजाऱ्याची गाडी. केबल तिथवर पोचतच नाही. ऑटोमॅटिक असेल तर ती पी, म्हणजे पार्कमध्ये अडकून बसते. बऱ्याच मॉडेलांत गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटं टोपण असतं, ते काढून आत स्क्रूड्रायव्हर किंवा किल्ली दाबली की दांडा न्यूट्रलला येतो. हँडब्रेक बटणाचा असेल तर तो विजेशिवाय सुटतच नाही आणि गाडी धक्क्यानेही हलत नाही. यांत्रिक पार्किंगमध्ये, म्हणजे एकावर एक गाड्या चढवतात तिथे, आधी ऑपरेटरला सांगून गाडी जमिनीच्या पातळीवर उतरवून घ्या. वरच्या मजल्यावर बोनेट उघडायच्या भानगडीत कुणीही पडू नये. या सगळ्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की मुंबईत जंपर केबलपेक्षा हातात मावणारा जंप स्टार्टर, म्हणजे बंद गाडी सुरू करायला वीज देणारी छोटी बॅटरी, जास्त कामाचा. तो घरी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा. मे महिन्याच्या उन्हात तापणाऱ्या गाडीत लिथियमची वस्तू ठेवायची नसते.

केबलनेच करायचं असेल तर क्रम चुकवू नका. दोन्ही गाड्या बंद आणि एकमेकींना न टेकलेल्या. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या उणेला, आणि काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर ठेवायचं. चांगली गाडी सुरू करून पाचेक मिनिटं चालू द्या, मग बंद गाडीचा सेल्फ मारा. सुरू झाली की उलट क्रमाने काढा. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर फ्यूज उडतात, गाडीचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो. खात्री नसेल तर चिमटा हातात घेऊ नका, बॅटरीवाल्याला बोलवा. सुरू झालेली गाडी लगेच बंद न करता चांगली अर्धा-पाऊण तास चालवा. नुसती उभी ठेवून तापवल्याने फारसं काही भरत नाही.

धक्का मारून सुरू करायची सवय गावाकडून येते. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. बटणाची मॅन्युअल गाडी पूर्ण मेलेली असेल तर तिचं स्टिअरिंग लॉकही सुटत नाही. बेसमेंटच्या उतारावर तर हा प्रयोग धोक्याचा आहे, कारण इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक होतो.

विजेवरच्या गाडीवाल्यांनो, तुमचीही यातून सुटका नाही. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी दारं, स्क्रीन आणि सगळे रिले (आतले विजेचे स्विच) बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती उतरली की गाडी दगड. तिला बाहेरून बारा व्होल्ट देता येतात, पण कुठून द्यायचे ते मॅन्युअलप्रमाणेच. आपली विजेची गाडी वापरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देऊ नका, बहुतेक कंपन्यांनी त्याला मनाई केलेली आहे.

मदत मागवायची तर नव्या गाडीसोबत काही काळ रोडसाइड असिस्टन्स असतो, नंतर तो विम्यासोबत थोड्या जास्तीच्या हप्त्यात घेता येतो. घ्याच. चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही १९१९ सालापासूनची संस्था आहे, तिच्या सभासदांनाही अशी मदत मिळते. फोन बेसमेंटमधून लागत नाही, वर येऊन करा. त्यांना इमारतीचं नाव, गेट आणि पार्किंगचा तळ सांगा, आणि गेटवर मेकॅनिकची नोंद आधी करून ठेवा. नाहीतर तो बाहेर उभा आणि तुम्ही आत, असा तास जातो. आणखी एक मनापासून सांगतो. वॉचमन आणि सकाळी गाड्या धुणारा पोरगा यांच्याशी ओळख ठेवा. कुठला बॅटरीवाला रात्रीही येतो हे त्यांनाच ठाऊक असतं. रात्रभर आतला दिवा जळत राहिला तर तोही तेच आधी बघतात.

पावसाळ्यात एक गोष्ट वेगळी. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि गाडी त्यात बुडाली, तर तिला जंप देऊ नका, स्टार्टचं बटणही दाबू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि टो करून न्या. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर आत बसून वाट पाहू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद पडलेल्या गाड्यांत अडकून माणसं गेली. पाणी दाराशी यायला लागलं की वीज आहे तोवर काच खाली करा. आतलं हँडल ओढल्यावर बहुतेक गाड्यांची दारं विजेशिवायही उघडतात, मागच्या दाराचं चाइल्ड लॉक मात्र बघून ठेवा. काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी असावी. ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची. पुढची काच दोन थरांची असते, ती फुटून मोकळी होत नाही.

चालू गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर चार्जिंग थांबलंय असं समजा. एसी आणि गाणी बंद करा, इंजिन चालू ठेवा आणि सुरक्षित जागी वळा. अशा अवस्थेत फ्रीवे, सी लिंक, अटल सेतू किंवा कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरू नका, तिथे मधेच गाडी बंद पडणं धोक्याचं असतं. तिथेच बंद पडली तर सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे किंवा कडेला सुरक्षित उभं करा आणि ११२ ला फोन लावा. रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवायचा तो येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, स्वतः कडेकडेने चालत जाऊन.

बॅटरीवर नजर ठेवायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या टर्मिनलवर १२.६ व्होल्ट दिसले तर उत्तम. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२ च्या खाली गेली तर सेल्फ टक टक करून थांबणार. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तितके येत नसतील तर नवी बॅटरी घालूनही पुन्हा तेच होईल, आधी अल्टरनेटर दाखवा. रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात, तेव्हा अर्धा तास मुलुंड टोलनाक्यापर्यंत जाऊन या. किल्ली गाडीच्या अगदी जवळ टांगू नका, सिग्नल मिळत राहिला तर काही गाड्या पुन्हापुन्हा जाग्या होतात. गणपतीत किंवा मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गावी जाणार असाल तर दहा नंबरच्या पान्याने उणे टर्मिनल सोडवून ठेवा आणि दार साध्या किल्लीने लावा. मात्र डिकी आधीच बंद करा आणि बोनेटचा खटका नीट लागला का बघा. परत जोडल्यावर घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग पुन्हा करावी लागते.

नवी बॅटरी घेताना क्षमता, म्हणजे अँपिअर-अवर, जुनीइतकीच घ्या. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार चालू-बंद सोसणाऱ्या प्रकारचीच लागते, साधी स्वस्त बसवली तर लवकर संपते. उत्पादनाची तारीख बघा, महिनोन्महिने दुकानात पडून असलेली नको. वॉरंटीत मोफत बदलीचे महिने किती आणि नंतर सवलतीचे किती, ते विचारा. कार्डावर गाडीचा नंबर आणि बॅटरीचा सीरियल नंबर दुकानदाराकडून लिहून घ्या. जुनी बॅटरी त्यालाच परत द्या, किमतीत सूट मिळते. आतलं शिसं विषारी असतं आणि २०२२ च्या नियमांनुसार ते अधिकृत पुनर्वापराकडेच जायला हवं, गल्लीतल्या भंगारवाल्याकडे नाही.