सरकारी सहमालकीच्या कर्करोग-निदान पेटंटचा अनन्य परवाना: या चुका टाळा

कर्करोगाच्या निदान चाचणीवरचे पेटंट अमेरिकेचे सरकार आणि एखादे विद्यापीठ यांच्या संयुक्त मालकीचे असते, तेव्हा अनन्य परवाना, म्हणजे दुसऱ्या कोणालाही न मिळणारा वापराचा हक्क, मागणारी कंपनी आणि त्यावर हरकत घेऊ पाहणारी प्रतिस्पर्धी लॅब या दोघींच्याही हातून बहुधा एकाच प्रकारची चूक होते. पेटंटचे मालक नेमके कोण कोण आहेत आणि मागितलेली अनन्यता नेमकी कशापुरती आहे, हे दोन प्रश्न सर्वात आधी विचारायला हवेत. प्रत्यक्षात ते रॉयल्टीचे दर ठरून गेल्यावर पुढे येतात. तोपर्यंत मसुद्यात बरेच काही बिघडलेले असते.

एकाच सहमालकाच्या सहीवर विसंबणे

अमेरिकी पेटंट कायद्याचे कलम २६२ सांगते की, सहमालकांमध्ये वेगळा करार नसेल, तर त्यांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याची संमती न घेता आणि त्याला उत्पन्नाचा हिशेब न देता तो शोध वापरू शकतो, तयार करू शकतो आणि विकू शकतो. त्यामुळे अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, एकटीने दिलेला ‘अनन्य’ परवाना हा केवळ तिच्या हिश्शापुरता अनन्य असतो आणि सहमालक विद्यापीठ त्याच चाचणीचा परवाना दुसऱ्या दिवशी तुमच्या स्पर्धकाला देऊ शकते. उल्लंघनाचा दावा लावायची वेळ आली, तरी सर्व सहमालक दाव्यात सामील असावे लागतात, हा सर्वसाधारण नियम आहे. एथिकॉन विरुद्ध यू. एस. सर्जिकल या १९९८ च्या खटल्यात नेमके हेच घडले. पेटंटवर नाव न घातलेला एक सहसंशोधक पुढे आला, त्याने प्रतिवादी कंपनीलाच परवाना दिला आणि सगळा दावा कोसळला.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. पेटंट कार्यालयातील हस्तांतरणाच्या नोंदी स्वतः तपासा. अनन्य परवाना देण्याआधी एनआयएच जी जाहीर सूचना काढते, तीत पेटंटचे हक्क कोणाला ‘हस्तांतरित किंवा अनन्य परवान्याने दिलेले’ आहेत, हे सांगणारे वाक्य असते. ते दोनदा वाचा. दोन्ही सहमालकांमध्ये आंतरसंस्था करार झाला आहे का, आणि परवाना देण्याचे अधिकार त्यात कोणाकडे सोपवले आहेत, हे लेखी विचारा. सरकारी कर्मचारी आणि अनुदानित संस्था यांचा संयुक्त शोध असेल, तर हक्क एका हाती एकत्र आणण्याची सोय याच कायद्याच्या कलम २०२ च्या उपकलम ‘ई’मध्ये आहेच. एका सहमालकाशी करार होऊन गेला असेल, तर दुसऱ्याकडून त्याच वापरक्षेत्रासाठी, म्हणजे परवान्यात ठरलेल्या त्याच वापरासाठी, समांतर परवाना मिळवल्याशिवाय गुंतवणूकदारांना ‘अनन्य’ हा शब्द सांगू नका.

वापरक्षेत्र ‘सर्व कर्करोगांचे निदान’ असे लिहिणे

माझ्या मते ही सर्वात महागात पडणारी चूक आहे, आणि तिची किंमत कंपनीच्या आधी रुग्ण मोजतो. कलम २०९ प्रमाणे सरकारी शोधाचा अनन्य परवाना तेव्हाच देता येतो, जेव्हा गुंतवणूक आकर्षित करण्यासाठी तो वाजवी आणि आवश्यक प्रोत्साहन ठरतो. शिवाय अनन्यतेची व्याप्ती त्या गरजेपेक्षा जास्त असता कामा नये. त्याच कलमानुसार अर्जासोबत विकासाची किंवा विक्रीची योजनाही द्यावी लागते. योजनेत एकाच कर्करोगाच्या चाचणीचा आराखडा आणि मागणी मात्र सगळ्या कर्करोगांची, असा अर्ज हरकत घेणाऱ्याच्या हाती आयताच मुद्दा देतो.

आता दोन मसुदे शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात लिहिले आहे, ‘कर्करोगाचे निदान’. दुसऱ्यात लिहिले आहे, ‘मूत्राच्या नमुन्यावरून मूत्राशयाचा कर्करोग पुन्हा उद्भवल्याचे ओळखणारे आणि एफडीएच्या (अमेरिकी औषध नियामकाच्या) मान्यतेने विकले जाणारे किट’. दुसऱ्या वाक्यात अवयव, नमुना, वैद्यकीय हेतू आणि विक्रीचा मार्ग हे चारही ठरलेले आहेत. लॅबने स्वतः विकसित करून स्वतःच करायची चाचणी, विकायचे किट आणि विशिष्ट औषधासोबत वापरायची सहचर चाचणी ही तीन वेगळी क्षेत्रे आहेत. किटला मान्यता मिळवण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून तिथे अनन्यतेचे समर्थन करता येते; लॅबच्या सेवेसाठी ते क्वचितच पटते.

बीआरसीए१ या जनुकाचे उदाहरण विसरता येत नाही. स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी निगडित असलेल्या या जनुकाच्या पेटंटवर मिरियड जेनेटिक्स आणि युटा विद्यापीठाचे संशोधन प्रतिष्ठान यांच्यासोबत अमेरिकी सरकारचेही नाव होते, कारण शोधात एनआयएचच्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. व्यवहारात चाचणी मात्र एकाच कंपनीच्या हाती राहिली. निकाल सकारात्मक आला म्हणून बीजांडकोश काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या स्त्रीला, दुसऱ्या लॅबकडून तोच निकाल पडताळून घ्यायची सोय नव्हती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निसर्गात आढळणाऱ्या डीएनएवरचे पेटंट अवैध ठरवल्यावरच ही कोंडी फुटली. एनआयएचने २००५ मध्ये जनुकीय शोधांच्या परवान्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि शक्य तिथे अनन्य नसलेल्या परवान्यालाच प्राधान्य द्यावे असे त्यांत सांगितले. म्हणून मसुद्यात एक वाक्य आवर्जून घाला: निकालाच्या पडताळणीसाठी इतर लॅबना ही चाचणी करता येईल. त्याने तुमच्या किटच्या धंद्याला धक्का लागत नाही.

पंधरा दिवसांची मुदत हलक्यात घेणे

फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे अमेरिकी सरकारच्या राजपत्रात, परवान्याची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीसाठी किमान १५ दिवस मिळतात, आणि एनआयएच बहुधा तेवढेच देते. ‘आम्हालाही यात रस आहे’ एवढेच कळवणारे पत्र हरकत म्हणून उपयोगी पडत नाही. परवाना कलम २०९ आणि त्याखालच्या नियमावलीशी विसंगत कसा ठरेल, हे पुरावे आणि युक्तिवादासह लिहावे लागते. त्याच क्षेत्रासाठी तुम्ही स्वतः परवान्याचा परिपूर्ण अर्ज केला, तर एनआयएच तोही हरकत म्हणून धरते. अर्धवट अर्जाला मात्र ही सवलत नाही. मुदत हुकल्याचा फटका पुढेही बसतो, कारण डावलल्या गेलेल्या हरकतदाराला नियमावलीत अपील करता येते, पण वेळेत लेखी हरकत नोंदवली असेल तरच. मुदत गेलीच असेल, तर परवानाधारकाकडून पोटपरवाना किंवा मूळ सूचनेबाहेर राहिलेल्या क्षेत्रासाठी नवा अर्ज, हे दोन मार्ग उरतात. सरकारी प्रयोगशाळेशी झालेल्या सहकारी संशोधन करारातून निघालेल्या शोधांना ही जाहीर सूचनेची अट लागूच होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दावे न वाचता किंमत ठरवणे

मेयो विरुद्ध प्रोमिथियस या २०१२ च्या निकालापासून, शरीरातील एखाद्या घटकाचे प्रमाण आणि आजार यांच्यातील नैसर्गिक संबंध केवळ सांगणारे पेटंटमधले दावे, म्हणजे हक्काची व्याप्ती ठरवणारी वाक्ये, टिकत नाहीत. गर्भवतीच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएवर आधारलेले अत्यंत उपयुक्त पेटंटही २०१५ मध्ये एरिओसा विरुद्ध सिक्वेनॉम खटल्यात पडले. चाचणीच्या निकालानुसार ठरावीक उपचार करण्याचा दावा मात्र २०१८ मध्ये वांडा या औषध कंपनीच्या खटल्यात टिकला. प्रलंबित अर्जातील दावे कोणत्या प्रकारचे आहेत, हे पाहिल्याशिवाय किमान वार्षिक रॉयल्टी कबूल करू नका.

दोन कलमांची गल्लत

सरकारच्या हिश्शाला कलम २०९ लागू होते. त्यानुसार सरकारकडे विनामोबदला वापराचा हक्क राहतो, आणि ठरलेल्या वाजवी मुदतीत चाचणी प्रत्यक्ष वापरात आली नाही, तर परवाना रद्द होऊ शकतो. विद्यापीठाचा हिस्सा केंद्रीय अनुदानातून आला असेल, तर त्यावर अनुदानातून निघालेल्या शोधांविषयीच्या १९८० च्या बे-डोल कायद्याची बंधने असतात आणि कलम २०३ चा हस्तक्षेपाचा, म्हणजे गरज पडल्यास इतरांना परवाना द्यायला लावण्याचा, सरकारचा अधिकारही तिथूनच येतो. एकाच पेटंटवर हे दोन्ही थर असू शकतात, आणि अमेरिकेतच भरीव उत्पादन करण्याची अट दोन्हींकडे वेगवेगळ्या शब्दांत आहे. किटमधली अभिकर्मके (चाचणीसाठी लागणारी रसायने) परदेशात तयार होणार असतील, तर या अटीतून सूट मिळते का, हे दोन्ही सहमालकांकडून करारावर सही होण्याआधी लेखी घ्या.