धरणाच्या पाण्यावर मोफत फेरीबोट: आधी घाट, मग बोट

बॅकवॉटरकाठच्या गावांत फेरीबोटीचा विषय निघाला की सगळे बोटीच्या किमतीवर बोलतात. खरं काम घाटाचं आहे. जायकवाडीची पूर्ण पातळी 1522 फूट, म्हणजे 463.9 मीटर, मृतसाठ्याची, म्हणजे ज्याखालचं पाणी कालव्यात सोडता येत नाही ती पातळी, सुमारे 455.5. उभा फरक 8.4 मीटर. काठाचा उतार शंभरास एक असेल तर भरलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत आठशे मीटर मागे जातं आणि मागे काळी माती उरते. वरून भेगाळलेली, खाली ओला गाळ. गाडीचं चाक तिथेच रुततं.

म्हणून एकाच जागी सिमेंटचा घाट बांधून भागत नाही. पाण्यामागे वाढवत नेता येईल असा 4 मीटर रुंद रस्ता करा: खाली दगडी सोलिंग, वर मुरूम, रोलरने दाबलेला. सोलिंग न करता काळ्या मातीवर मुरूम टाकला तर तो पहिल्या पावसातच चिखलात जातो. पाण्याजवळचा उतार आठास एकपेक्षा उभा नको, नाहीतर गाडीचं पोट फळीला, म्हणजे बोटीतून काठावर टेकवलेल्या चढणीला, घासतं. रस्ता आखण्याआधी तिथे गाळपेर करणाऱ्यांशी, म्हणजे पाणी हटलेल्या जमिनीवर पीक घेणाऱ्यांशी, बोलून घ्या. जमीन आणि पाणी जलसंपदा विभागाचं. जायकवाडीचा जलाशय, म्हणजे नाथसागर, पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा वनविभागाची परवानगीही लागेल. बोटीची नोंदणी आणि तपासणी 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार करून घ्या, यात सूट मागू नका.

गाडी चढवताना सगळ्यात धोक्याचा क्षण पुढची चाकं फळीवर येतात तो. बोटीचं तोंड दबतं आणि चाकांच्या रेट्याने ती काठापासून मागे सरकते. मध्ये फट पडली की गाडी पाण्यात. त्यासाठी दोन्ही बाजूंचे दोर काठावरच्या खुंट्यांना ताणून बांधा, मगच खूण करा. चालक सोडून सगळे आधी उतरलेले, काचा खाली, पहिला गिअर, ब्रेकवर पाय तयार. 10 बाय 4 मीटरच्या सपाट तळावर एक टनाची कार मधोमध उभी राहिली तर बोट जेमतेम अडीच सेंटिमीटर बुडते. तीच कार एका कडेला लावली तर बोट कलते. जड गाडी मध्ये, दुचाक्या दोन्ही कडांना सारख्या. इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांना लाकडी गुटके. लाइफ जॅकेट प्रत्येकाला. उसाची भरलेली ट्रॉली घेऊच नका.

भाडं नाही म्हणजे डिझेल ग्रामपंचायतीचं, आणि ते गाड्यांवर नाही, फेऱ्यांवर जळतं. वेळापत्रक ठरवा, बोलावलं की निघायचं नाही, अपवाद फक्त रुग्णाचा. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटून लाटा उठल्या तर फेरी थांबवण्याचा अधिकार बोट चालवणाऱ्या तांडेलाचाच, सरपंचांचाही नाही.