बूट घेताना आधी आतला इनसोल बाहेर काढा

बूट कसा आहे ते यवतेश्वरचा घाट चढताना कळत नाही, उतरताना कळतं. सातारा हिल मॅरेथॉनच्या सरावाला पहिल्या वर्षी मी चपलेच्याच मापाचे, सहा नंबरचे बूट घातले आणि आठवडाभरात दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली. उतारावर पाय पुढे सरकतो, नख पावलापावलाला आपटतं. आता मी सात नंबर घालते.

आमच्यात नव्याने पळायला येणाऱ्या बायकांना मी सांगते, दुकानात संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात, पळतानाही फुगतात. पळायचे मोजे सोबत न्या. मग बुटातला इनसोल (तळाशी असलेली सुटी गादी) उपसा, जमिनीवर ठेवा आणि पूर्ण भार देऊन त्यावर उभ्या राहा. सगळ्यात लांब बोटापुढे (काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं) हाताच्या आडव्या अंगठ्याइतकी जागा हवी. करंगळी काठाबाहेर जात असेल तर तो बूट चावणारच. जन्मभर चपला घातलेले आपले चवडे पसरट असतात. ‘वापरून सैल होईल’ यावर विसंबू नका, रुंद माप मागा. शेवटी लेस बांधून दुकानाबाहेर थोडं पळून बघा. टाच आत उचलली जाता कामा नये.

ओल्या पावलाचा ठसा बघून तळवा सपाट की कमानदार ते ओळखायचं आणि त्यावरून बूट ठरवायचा, यावर माझा विश्वास नाही. अमेरिकी लष्कराने नव्या जवानांना तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. पायाला जो पहिल्या पावलापासून बरा वाटतो तो घ्या.

आणि वेगळे इनसोल? काही दुखत नसेल तर पैसे घालवू नका. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या पावलाला टाच दुखत असेल, तर साधे तयार इनसोल काही आठवडे वापरून बघायला हरकत नाही. माझी टाच दुखायची तेव्हा मला माप घेऊन बनवलेले महागडे इनसोल घ्यायला लावले. ते इतके जाड होते की चांगला बसणारा बूट घट्ट झाला. खरा उतार पडला तो पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा सावकाश खाली-वर केल्याने, तोही दोन-तीन महिन्यांनी. मधुमेहामुळे तळवे बधिर असतील तर मात्र हे प्रयोग घरी नकोत, आधी डॉक्टरांना पाय दाखवा.

साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर सोलचा फोम बसतो, वरून बूट कितीही नवा दिसो. म्हणून नवी जोडी आणली की मी इनसोलच्या खालच्या बाजूला बॉलपेनने तारीख लिहून ठेवते.