सहीचा फोटो चिकटवला म्हणजे सही झाली असं नाही

मागे एका क्लायंटबरोबर कामाचं ॲग्रीमेंट केलं होतं. केलं म्हणजे काय, तर कागदावर सही करून मोबाइलने फोटो काढला, बॅकग्राउंड उडवलं आणि पीडीएफवर चिकटवली, त्यानेही तेच केलं. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा साहेब म्हणतात ही सही माझी नाहीच! मेल आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी जपून ठेवलेली म्हणून निभावलं.

तर अशी चिकटवलेली सही रद्दी असते का, तर तसंही नाही. आयटी ॲक्ट २००० च्या कलम १०-अ प्रमाणे ऑनलाइन झालेला करार फक्त ऑनलाइन झाला म्हणून बाद होत नाही, अगदी मेलवर ठरलेलाही. पण समोरचा उलटला की सही त्याचीच आहे हे सिद्ध करत तुम्ही बसायचं. कायद्याने हातच्या सहीच्या बरोबरीने धरलेल्या (कलम ५) सह्या आपल्याकडे मुख्यतः दोनच, टोकनवाली डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट, पेनड्राइव्हसारख्या टोकनमधलं) आणि आधार ई-साइन (आधारच्या ओटीपीने केलेली सही).

एखादंच ॲग्रीमेंट असेल तर आधार ई-साइन करा. सरकारमान्य ई-साइन सेवा वापरणाऱ्या पोर्टलवर पीडीएफ चढवायची, आधार नंबर टाकायचा, ओटीपी आला की झालं, फक्त मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा, नाहीतर तिथेच गाडी अडते. या सहीचं सर्टिफिकेट (सही कुणाची ते सांगणारा डिजिटल दाखला) जेमतेम ३० मिनिटांचं असतं, त्यामुळे नंतर कुणी तारीख बघून 'हे तर एक्सपायर झालंय' म्हणून घाबरवलं तर घाबरू नका, सही करताना ते चालू होतं ना, मग सही ठीक.

जीएसटी, टेंडर वगैरे रोजचंच असेल तर क्लास ३ डीएससी घ्या, यूएसबी टोकनमध्ये येते. आणि कृपा करून ते टोकन स्वतःकडे ठेवा. किती जणांची टोकनं सीएच्या ड्रॉवरमध्ये पासवर्डच्या चिठ्ठीसकट रबरबँड लावून पडलेली असतात! टोकनमधली सही करायची गुप्त किल्ली (की) सांभाळायची जबाबदारी आयटी ॲक्टच्या कलम ४२ प्रमाणे तुमची आहे, सीएची नाही.

आता सगळ्यांना छळणारा प्रकार, पीडीएफ उघडली की सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह. डिजिटल सातबाऱ्यावर पण दिसतं. फाइल खोटी आहे असं नाही, तुमच्या कॉम्प्युटरला सर्टिफिकेट देणारा ओळखीचा नाही एवढंच. ॲडोब रीडरमध्ये (मोबाइलवर नको, कॉम्प्युटरवरच) सहीवर क्लिक करा, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट. नाव आणि सर्टिफिकेट कुणी दिलंय ते नीट वाचा, पटलं तरच ट्रस्ट टॅबमध्ये ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स, मग व्हॅलिडेट. हिरवी टिक येते. पण सही झाल्यानंतर फाइल बदलली आहे असा मेसेज आला तर मात्र थांबा, समोरच्याकडून मूळ फाइल परत मागवा.

कारण सही त्या चित्रात नसतेच, फाइलमध्ये असते. प्रिंट काढून परत स्कॅन केलं की सही गेली, उरलं नुसतं चित्र. (सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो, म्हणून त्याच्या प्रिंटचं निभतं.) म्हणून मूळ पीडीएफ आणि ती ज्या मेलने आली तो मेल, दोन्ही जपा. उद्या कोर्टात गेलात तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं सर्टिफिकेटही लागतं, हे सहीचं नव्हे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं वेगळं. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर सर्टिफिकेट हवंच. तेव्हा जुना पुरावा कायदा होता, त्यातलं कलम ६५-ब, पण गोष्ट तीच.

ई-सही कुठे चालत नाही? मृत्युपत्र आणि ट्रस्टचा दस्त, इथे पेनच लागतो. कुलमुखत्यारपत्रही नाही, २०२२ पासून बँकांसारख्या ठरावीक संस्थांना दिलेल्याला तेवढी सूट आहे. स्टॅम्प ड्युटी पण चुकत नाही, महाराष्ट्राच्या स्टॅम्प कायद्यात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डही धरलंय. आणि भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंट नुसतं ई-साइन करून गप्प बसू नका, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ते रजिस्टर व्हावंच लागतं आणि ती जबाबदारी घरमालकाची. रजिस्टर करायला एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, तेवढा अर्धा तास काढा.